दोन इंजिनांचे मामाजी

आपल्या हवाईदलानं कोणतं विमान घ्यावं हे दिल्लीत ठरतं, असं ज्यांना वाटतं त्यांची मला कीव येते. ते ठरायचं आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी, बैलांच्या कोठ्यासमोर टाकलेल्या बाजेवर. दिल्लीवाले नंतर नुसती सही करायचे, आणि तीही बऱ्याचदा चुकीच्या कागदावर. निदान आमचे मामाजी असं मानत आणि त्यांच्यासमोर घटकाभर बसलं की आपणही तसंच मानू लागायचो. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. धानाच्या चार बांध्या, बोडी म्हणजे पाण्याचं एक लहानसं तळं, शर्यतीच्या बैलांची जोडी आणि जन्मात एकदाही जवळून न पाहिलेल्या लढाऊ विमानांविषयी भांडण होईपर्यंत ठाम मतं, एवढी त्यांची इस्टेट. त्यांच्याबद्दल सांगायला लागलो की मला आजही हसू फुटतं, आणि हसता हसता मध्येच मानेवर गार वारं लागल्यासारखं होतं. ते का, हे सांगतोच.

आधी हे सांगायला हवं की ही काही रिकामटेकड्याची हौस नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रभाकर हवाईदलात पायलट होता आणि मिग उडवायचा. पोरगं लहानपणापासूनच अचाट. शिष्यवृत्त्या मिळवत मिळवत कुठल्या कुठं गेलं, आणि गावाला कळलं तेव्हा थेट आभाळात होतं. मिगला इंजिन एक. मामाजींचं सगळं विमानशास्त्र या एका वाक्यापाशी सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. ते मूळचे शंकरपटाचे गडी. आमच्याकडे धान निघालं की गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती लागतात, त्याला शंकरपट म्हणतात. पटात पळते ती जोडी. एक बैल अडखळला तर दुसरा सावरून नेतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. "एकल्या बैलाचा कुठं पट असते काय जी?" ते मला विचारायचे. "तो एक बसला वरच्यावर, तं माह्या पोट्ट्याले कोण ओढन?" याचं उत्तर दिल्लीजवळ तरी कुठं होतं!

मी तेव्हा जवाहरनगरच्या केंद्र सरकारी दारूगोळा कारखान्यात स्टोअरला कारकून होतो. माझ्या अखत्यारीत फडकी, झाडू, खिळे आणि साबण एवढ्या वस्तू यायच्या, आणि साबणाला तर साहेबांचीही सही लागायची. पण मामाजींच्या लेखी केंद्र सरकार हे एक मोठं एकत्र कुटुंब होतं. तुमसरहून एसटीनं भंडाऱ्याला यायचे, तिथून कारखान्याच्या बसवाल्याला काहीतरी पटवून आमच्या क्वार्टरच्या दारात उतरायचे. खांद्यावर चिन्नोर तांदळाची पिशवी, हातात लाखोळीची डाळ. पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी प्रश्न तयार, "जवाईबापू, झाला काय निर्णय?" मी सांगायचो, मामाजी, माझ्या हातात काही नाही. "काहून नाही? तुमी केंद्राचे, विमान केंद्राचं. एका घरातलं काम हाये." मी म्हणायचो, "मामाजी, मी झाडू देतो हो!" त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "मंग झाडू देता देता साहेबाच्या कानावर घाला ना. दोन इंजनं म्हणा. येवढंच म्हणा." एकदा कंटाळून मी खरंच साहेबांना म्हटलं, साहेब, दोन इंजिनं असलेली बरी. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथं एका जीपला डिझेल मिळेना, तुम्ही दोन इंजिनं कुठून काढली?" पण मी साहेबांना सांगितलं, हे ऐकून मामाजींचा चेहरा असा काही उजळला की मला आपण मोठं राष्ट्रकार्य केल्यासारखं वाटलं.

यात एक विचित्र गोष्ट होती. मामाजी ज्या दिवशी यायचे, त्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत विमानाचं काहीतरी असायचंच. कुठलं मंत्रिमंडळ बसलं, कुठलं पथक परदेशी गेलं, कुठं काय पडलं. आधी आम्ही याला योगायोग म्हणत होतो. पुढे पुढे मात्र मामाजी बसमधून उतरताना दिसले की आमची ही निमूटपणे स्वयंपाकघरातून येऊन रेडिओ लावायची, आणि बातम्या संपेपर्यंत दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला सरकार परदेशातून लांब पल्ल्याचं एक नवं विमान घेणार असं पेपरात येऊ लागलं. उमेदवार तीन होते. इंग्रज आणि फ्रेंचांनी मिळून केलेलं जग्वार, फ्रेंचांचं मिराज आणि स्वीडनचं व्हिगेन. मामाजींनी तुमसरच्या न्हाव्याच्या दुकानातून तिघांचेही फोटो पैदा केले आणि आमच्या पलंगावर ओळीनं मांडले. बैलबाजारात बघतात तशी आधी तोंडं पाहिली, मग खांदे, मग मागचे पाय. व्हिगेनचं इंजिन मूळ अमेरिकन नमुन्याचं; ते पाहून म्हणाले, "बैल स्वीडनचा, आन् इंजनाची वेसण अमेरिकेच्या हातात. ऐन पटात त्यानं वेसण ओढली तं?" मिराजवर त्यांची नजर रेंगाळली. "देखणा हाये बाप्पा. तोंडच पटाचं हाये याचं. पण एकला." मग जग्वार. "दोन भावांच्या सामाईकातली जोडी. धिमी हाये, चढावर दमन. पण दमली तरी जोडी ते जोडी." आपलं देशी मारुत त्यांना फार प्रिय होतं. त्याला इंजिनं दोन होती, पण ताकद अपुरी. त्याचा विषय निघाला की घरातलं माणूस गेल्यासारखा आवाज काढायचे, "घरची जोडी होती जी. खुराक भेटला नाही तिले."

हे सगळं ऐकताना मी हसून हसून बेजार. पण मग त्यांनी एकेक फोटो उचलून कानाला लावला. विकत घ्यायच्या बैलाच्या बरगडीला कान लावतात, तसा. डोळे मिटले. व्हिगेनला कान लावून ठेवून दिलं, जग्वारला लावून मान डोलावली. त्या तीन फोटोंबरोबर एक चौथाही आला होता, कुठल्याशा जुन्या मासिकातला, मिगच्या रांगेचा. तो कानाला लावल्यावर बराच वेळ ते हललेच नाहीत. शेवटी रांगेतल्या एका विमानावर बोट ठेवून म्हणाले, "याच्यातलं माणूस गेलं हाये." आणि फोटो पालथा घातला. ते विमान कोणाचं, माणूस कोण, मी कधी शोधलं नाही. खरं सांगायचं तर शोधायची हिंमत झाली नाही.

त्याच हिवाळ्यात आम्ही आंबागडला गेलो. दुपारची जेवणं झाली आणि मामाजी नाहीसे झाले. मामी म्हणजे तिखट बाई, नवऱ्याची विमानं तिला सवतीसारखी. ताटं उचलता उचलता म्हणाली, "जा, पाहून या तुमच्या मामाजीले. आभाळ बांधून बसले असतीन धुऱ्यावर. बांधीत काम पडलं हाये, आन् याहिले दोर धराले पायजे!" मला वाटलं बाईचं बोलणं. बोडीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन पाहतो तर मामाजी खरोखरच हातात कासरा धरून बसलेले. तेल पाजून काळा झालेला, पटाचा असतो तसा वळलेला कासरा. एक टोक त्यांच्या मनगटाला गुंडाळलेलं, दुसरं पुढं गवतात मोकळं पडलेलं. बैल बाजूला बसून रवंथ करत होते.

"हे काय हो मामाजी?"

"तो वर हाये," मामाजी हळूच म्हणाले. "पट सुटला का मालक घरी जाऊन झोपते काय? हाकणारा तो हाये, मान्य हाये. पण मांगून धरणारं कोणी लागते ना जी."

आता अशा वेळी माणसानं काय करावं? मी थट्टेखोर. पुढं गेलो, मोकळं टोक उचललं आणि म्हटलं, "बघा, मीच ओढतो तुमचं विमान!" एक हिसकाही दिला. मामाजी हसले नाहीत. त्याच वेळी बैलांचा रवंथ थांबला. दोघांच्या माना एकदम वळल्या, किल्ल्यावरच्या रिकाम्या आभाळाकडे. बोडीतले बगळे उडाले नाहीत की ओरडले नाहीत, फक्त सगळेच्या सगळे त्याच बाजूला तोंड करून उभे राहिले. आणि माझ्या मुठीतला दोर सरकू लागला. मामाजी माझ्या मागं बसले होते. पुढं पाणी होतं आणि पाण्यावर कोणी नव्हतं. तरी दोर पुढं जात होता, माझ्या मुठीतून, तळहात सोलत, आणि मागं मामाजींच्या मनगटापर्यंत ताठ झाला होता. आवाज कसलाही नव्हता. "सोडा जवाईबापू," मामाजी म्हणाले, "तो वळून राहिला." मी सोडला. टोक माझ्या छातीच्या उंचीवर काही क्षण तसंच राहिलं, मग गवतात पडलं. बैल पुन्हा रवंथ करू लागले. मामाजींनी आपल्या तळहातावर फुंकर घातली आणि समाधानानं म्हणाले, "उतरला. जेवले काय तुमी पोटभर?"

घरी मी हळद लावून घेतली आणि बायकोला विहिरीच्या दोराचं काहीतरी सांगितलं. मामीनं माझा हात पाहिला, मग तोंडाकडे पाहिलं, आणि हातावर फडकं बांधून दिलं.

पुढं सरकारनं जग्वार घेतलं. आंबागडला त्या दिवशी काय विचारता! मामाजींनी बैलांच्या शिंगांना तेल लावलं, गावात बुंदी वाटली, आणि "दिल्लीले उशिरा का होईना अक्कल आली" असं देवळासमोर जाहीर केलं. आता प्रभाकरची बदली जग्वारवर होणार, पोरगं जोडीवर बसणार, कासरा खुंटीला टांगायचा. वाट पाहिली. प्रभाकरच्या बरोबरची काही मुलं जग्वारवर गेली, तो मिगवरच. मामाजींनी दिल्लीला अशा शिव्या घातल्या की कोठ्यातल्या बैलांनीही कान पाडले. त्यात आणखी काही वर्षांनी सरकारनं नवं मिराज घेतलं. एक इंजिन, आणि मागं आडवी शेपटीच नाही. मामाजी फोटो घेऊन आमच्याकडे आले आणि पलंगावर मटकन बसले. "याले शेपटी बी नाही! माशा कायनं हाकलन हा?" आम्ही पोट धरून हसलो. ते मात्र हसले नाहीत. पानावर बसताना त्यांनी हात पुढं केला तेव्हा मी पाहिलं, तळहाताला कातडं असं राहिलंच नव्हतं. बोटं आखडली होती, घास नीट उचलेना. आमच्या हीनं वरणभात कालवून चमचा दिला, आणि मान फिरवून पदरानं डोळे पुसले. मला त्या माणसाचा इतका जीव लागला होता की त्या दिवशी सगळ्या फ्रान्सचा राग आला.

मग एकदा प्रभाकर सुटीवर आला. आंबागडला जाण्याआधी एक दिवस आमच्याकडे थांबला. सकाळी ओट्यावर बसलो होतो, तो एकदम म्हणाला, "भाऊजी, बाबांना सांगू नका, पण जग्वारसाठी मला विचारलं होतं. मीच नाही म्हटलं."

मी उडालोच. "अरे काहून? तुझा बाप त्यासाठी सरकारशी भांडून राहिला ना!"

तो ओशाळून हसला. मोठा अधिकारी झाला होता, पण हसला की सातवीतला दिसायचा. "हसाल तुम्ही. मिगमध्ये मी एकटा असतो, पण एकटं वाटत नाही. वळताना, उतरताना कोणीतरी मागून धरल्यासारखं वाटतं. घट्ट. एक-दोनदा तर तेवढ्यावरच वाचलो. जग्वारमध्ये बसून पाहिलं एकदा, मागच्या सीटवर. भारी विमान आहे. पण त्यात मला कोणी धरलं नव्हतं." मग म्हणाला, "आता रशियाचं नवं मिग येऊन राहिलंय, दोन इंजिनांचं. त्यासाठीही विचारतायत. याही वेळी नाहीच म्हणणार मी."

कासऱ्याचं त्याला काहीही ठाऊक नव्हतं. लेक हसेल म्हणून मामाजींनी सांगितलं नव्हतं, आणि लेक घाबरेल म्हणून मामीनं. बाप ज्या विमानातून पोराला काढायला धडपडत होता, त्याच विमानात बापाच्याच हातानं त्याला धरून ठेवलं होतं. हे पोटात ठेवणं मला शक्य नव्हतं. प्रभाकर सुटी संपवून परत गेला आणि मी आंबागड गाठलं.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मी सुचवलं, कासरा तसाच धरा, त्याला त्या नव्या विमानात बसू द्या. त्यांनी मान हलवली. "एका जोडीचा कासरा दुसरीले लावत नाहीत जी. हा मी वळला तवा पोट्टा पयल्यांदा मिगवर बसला होता. हा त्या मिगचाच."

"मग नवा वळा."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. त्या बोटांनी आता सुतळीसुद्धा वळली गेली नसती.

दुपार झाली. ते उठले, नेहमीसारखे धुऱ्यावर जाऊन बसले, टोक मनगटाला गुंडाळलं. मी मागं उभा होतो. मामीही आली. इतक्या वर्षांत ती धुऱ्यावर कधी आली नव्हती. पाणी अगदी स्थिर होतं. बैलांनी माना वळवल्या, बगळ्यांनी तोंडं फिरवली, आणि गवतातला दोर आपोआप सरळ झाला. मामाजी मनगटावरचा वेढा सोडवू लागले. तशी मामीनं, त्या दोराला जन्मभर नावं ठेवणाऱ्या बाईनं, झडप घालून त्यांचा हात धरला.

"सोडू नका जी! तो वर हाये. पाया पडतो तुमच्या, सोडू नका."

"धरून ठेवलं तं तो त्या एकल्यातच बसून राहीन ना," मामाजी म्हणाले. "एका दिवशी माह्या हातानं नाही झेपलं, मंग?"

"आजच्या दिवस धरा."

"रोजच आजचा दिवस असते." त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि मूठ उघडली. दोर गवतातून सळसळत गेला, पाण्यावर जराही तरंग न उठवता बोडीच्या मध्यापर्यंत गेला, आणि मग दिसेनासा झाला. बैल हंबरले. तसं हंबरणं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही. मामी तिथंच मटकन खाली बसली आणि रडू लागली. मामाजी आभाळाकडे बघत राहिले. त्यांना काही दिसत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून मला कळत होतं.

त्यानंतरचे दिवस त्या घरानं कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. रोवणा, म्हणजे भातलावणी, झाला, धान पोसवलं, पोस्टमन दिसला की मामी घरात जाऊन देवापुढं उभी राहायची. मामाजी रेडिओ लावायचे आणि बातम्या सुरू झाल्या की बंद करायचे. मी कामावर झाडू मोजायचो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचो, कारण सांगणारा मीच होतो. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली आणि त्या गर्दीतून प्रभाकर बायकोमुलांना घेऊन, हातापायांनी धडधाकट, अंगणात येऊन उभा राहिला. मामीनं त्याला चाचपून चाचपून पाहिलं. मामाजींनी बाजेवरूनच विचारलं, "इंजनं किती?"

"दोन, बाबा. नव्या मिगवर गेलो मी."

"काहून बदललं मंग?"

प्रभाकरनं माझ्याकडे एकदा पाहिलं. "जुन्यात एकाएकी एकटं वाटायला लागलं."

"बरं केलं," असं म्हणून मामाजी उठले आणि बैलांपुढं तणस टाकायला गेले. बराच वेळ ते कोठ्यातच होते.

त्यानंतर दिल्लीनं काय घेतलं आणि काय नाकारलं, याचं मामाजींना काही राहिलं नाही. कोणी फोटो दाखवला तर "चांगला हाये" म्हणायचे. आमच्याकडे यायचे, पण निर्णय विचारायचे नाहीत, आणि ते आल्याच्या दिवशी रेडिओवर बाजारभावाशिवाय काही नसायचं. चेष्टा करायला जागाच उरली नाही, आणि मला ती चेष्टा फार आठवायची. शेवटचे आले ते डोळे दाखवायला. दुपारी ओट्यावर बसलो असताना खूप उंचावरून एक विमान गेलं. मामाजींनी मान वर केली नाही. मीच त्यांना जरा फुलवावं म्हणून म्हटलं, "मामाजी, आपला प्रभाकर तर नसेल?"

त्यांनी आखडलेले हात मांडीवर ठेवले होते. ते विमानाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरगं वाचलं, जवाईबापू. त्याचा आनंद हाये. पण आता तो कुठं असते, ते मले समजत नाही."